खिडकीतल्या मुलीचा डावा गाल

त्या दिवशी ताईचं डोकं सकाळपासून फिरलेलं होतं. तसं तिचं डोकं फिरायला फार मोठं निमित्त लागत नसे. पुढच्या खोलीत धाकट्या भावाचं मशीन घरघरायला लागलं की तेवढंही पुरे व्हायचं.

वडिलांच्या स्टुडिओचे या दोघा भावंडांनी मधे भिंत घालून दोन भाग केले होते. रस्त्याच्या बाजूला धाकट्याचं प्रिंटिंगचं दुकान होतं. तिथे कॉम्प्युटर, स्कॅनर आणि जेवणाच्या टेबलाएवढा इंकजेट प्रिंटर. मागच्या अंगाला ताईची डार्करूम, आणि वर, जिना चढून गेलं की, आईची खोली. डार्करूमच्या दारावर लाल दिवा होता आणि त्याखाली बाबांच्या वळणदार अक्षरातली पाटी होती: 'विचारल्याशिवाय आत येऊ नये.'

ही पाटी ताईमुळे लागली होती. लहानपणी तिने हट्टाने ते दार ढकललं, आत घुसली, फळीवरची अ‍ॅसिडची बाटली ओढली आणि डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत जन्माचा डाग घेऊन बाहेर आली. घरात ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली होती की ताईला ती स्वतःलाच आठवते असं वाटायचं. धाकटा त्यानंतर जन्मला. तो तर या गोष्टीवरच वाढला. गॅसजवळ गेला, 'ताईसारखं करू नकोस.' गच्चीच्या कठड्यावर चढला, 'ताईसारखं करू नकोस.' बिचाऱ्याला मोठा होईपर्यंत ताई ही बहीण कमी आणि धोक्याची सूचना जास्त वाटायची.

अपघाताच्या आधीचा ताईचा एकच फोटो घरात होता. खिडकीत बसलेली लहान मुलगी, बाहेर बघता बघता कुणीतरी हाक मारली म्हणून वळलेली, सगळा उजेड डाव्या गालावर. बाबांनी काढलेल्या हजारो फोटोंमधला हा सगळ्यात गाजलेला. आधी स्टुडिओच्या दर्शनी काचेत लागला, मग बक्षिसं मिळवून आला, मग आईच्या खोलीत भिंतीवर जाऊन बसला. येणाऱ्याजाणाऱ्याला आई तो दाखवायची आणि शेवटी ठरलेलं वाक्य म्हणायची, "एवढा हट्ट केला नसता ना, तर आजही अशीच दिसली असती."

ताई ते ऐकून घ्यायची. तिला राग यायचा तो स्वतःचाच. आरशात ती कामापुरतीच बघायची, पण या फोटोच्या प्रती मात्र जिवापाड जपून करायची. बाबांनी तिला शाळा संपल्यावर डार्करूममध्ये घेतलं होतं. आई तेव्हा म्हणाली होती, 'अंधारातलं काम तुला बरं.' ताईने तेही ऐकून घेतलं होतं. त्या मुलीचा गोरापान, नितळ गाल कागदावर उगवताना बघायचा, एवढं एक सुख तिला त्या लाल उजेडात मिळायचं. एके काळी आपला चेहरा असा होता, याचा दुसरा पुरावा तिच्याकडे नव्हता.

बाबा गेले, त्याला बरीच वर्षं झाली. आता संग्रहालय त्यांच्या फोटोंचं मोठं प्रदर्शन भरवणार होतं आणि तिथूनच सगळ्या भांडणाला तोंड फुटलं. प्रिंट कुणाचे लावायचे? ताईचे, डार्करूममध्ये हाताने केलेले, की धाकट्याचे, निगेटिव्ह स्कॅन करून शाईने छापलेले? संग्रहालयाच्या बाई शहाण्या होत्या. भावाबहिणीच्या मधे त्या पडल्या नाहीत. "एकच फोटो दोघांनीही करा," त्या म्हणाल्या. "खिडकीतली मुलगी. शेजारी शेजारी ठेवून बघू आणि ठरवू."

"बघायचंय काय त्यात?" ताई महिनाभर म्हणत होती. "कागदाच्या आत खरी चांदी असते आमच्या. याच्याकडे काय, कागदावर फवारणी! झुरळांवर मारतात तसली."

"आणि तुझे दोन प्रिंट कधी सारखे आलेत?" धाकटा विचारायचा. "एक उजळ, एक काळवंडलेला. वर सुकला की पापडासारखा वाकडा. माझा शंभरावा पहिल्यासारखाच येतो."

"शंभर तरी कशाला काढतोस? एक धड काढ."

मोठी म्हणून ताईने आधी प्रिंट केला. मग तिने निगेटिव्ह पाकिटात घालून धाकट्याच्या हातात दिली. पोटचं पोर परक्याच्या हवाली करावं तसा तिचा चेहरा झाला होता. "डाग पडला तर बघ," एवढंच ती म्हणाली.

आणि आज बाई येणार होत्या.

धाकट्याच्या दुकानातलं मोठं टेबल ताईने स्वतः पुसलं आणि आपला प्रिंट मधोमध मांडला. खिडकीच्या चौकटीचा काळा रंग असा खोल की त्यात हात घालावासा वाटावा, आणि गालावरचा उजेड मऊ, जिवंत. तिला आपल्याच कामाचा अभिमान वाटला. मग ती धाकट्याकडे वळली. त्याचा प्रिंट भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि हा गृहस्थ नखं खात होता.

"आण की. लाज वाटते का दाखवायला?"

"ताई, तू आधी बस."

"बसायला मी काय पाहुणी आहे? आण."

"बाई यायच्या आत तुझ्याशी बोलायचं होतं. मी काल रात्रीपासून..."

"नाचता येईना अंगण वाकडं!" ताई कडाडली. "मशीन बिघडलं असेल, शाई संपली असेल. आता सांग मला कारणं!" आणि तिने स्वतःच जाऊन तो प्रिंट उचलला आणि आपल्या प्रिंटशेजारी टेबलावर ठेवला.

पहिल्या नजरेत तिला कबूल करावं लागलं की काम वाईट नव्हतं. काळा रंग थोडा कोरडा होता, कागदाच्या वरच बसल्यासारखा. पण केसांची बट न् बट सुटी दिसत होती आणि खिडकीच्या लाकडाचा पोत तर तिच्या प्रिंटपेक्षाही स्वच्छ आला होता. मग तिची नजर गालावर गेली.

"मेल्या! ओरखडा काढलास!"

"ताई, ऐक..."

"गालावरच नेमका! निगेटिव्ह घासलीस तू, घासलीस! एवढी वर्षं मी तिला फुंकर मारायलासुद्धा घाबरते आणि तुझ्याकडे एक आठवडा दिली तर वाट लावलीस!"

"ओरखडा नाहीये तो." धाकट्याचा आवाज इतका खाली आला होता की ताईला थांबावं लागलं. "मलाही आधी तसंच वाटलं. भिंगातून बघ."

तिने भिंग लावलं. ओरखड्याची रेघ असते तशी ही रेघ नव्हती. कानाच्या पाळीखालून एक काळसर पट्टा सुरू होत होता. गालाच्या मध्यावर त्याला फाटा फुटत होता, एक ओठाच्या कोपऱ्याकडे आणि दुसरा हनुवटीकडे. कडेला कातडी चुरगळलेली होती. ताईचा हात आपोआप स्वतःच्या गालाकडे गेला. तो रस्ता तिच्या बोटांना पाठ होता. फाटा जिथे फुटायचा तिथेच फुटत होता.

"निगेटिव्ह कुठाय?"

धाकट्याने ती खालून उजेड असलेल्या काचेवर ठेवली. ताईने ती तिरपी धरून बघितली. गालावर कायम असणारी ती पुसट चकाकी गेली होती. मागे उरली होती कोरी, धुतलेली फिल्म.

"काय लावलंस हिला?"

"स्कॅनच्या आधी सगळ्याच साफ करतो मी. फिल्म क्लीनर, कापसावर घेऊन. वर बुरशी होती गं थोडी. कापूस काळा झाला. मला वाटलं, इतक्या वर्षांची धूळ असेल."

धूळ! ताईने डोळे मिटले. तिला रडावं की त्याला एक ठेवून द्यावी हे कळेना. जुन्या स्टुडिओंत प्रत्येक मोठ्या निगेटिव्हवर वार्निशचा पातळ हात देऊन त्यावर टोकदार पेन्सिलीने काम करायचे. निगेटिव्हवर पेन्सिल फिरली की प्रिंटमध्ये तिथला काळेपणा जातो. पुटकुळ्या, सुरकुत्या, डोळ्यांखालची वर्तुळं, सगळं नाहीसं होतं. ताईने स्वतः शेकडो माणसांचे वांग आणि वण असे घालवले होते. या निगेटिव्हवर बाबांची पेन्सिल आहे, हे तिला ठाऊक होतं. सगळ्यांवर असते तशी हिच्यावरही असेल, म्हणून तिने कधी विचारलं नव्हतं.

"बाबांचा हात पुसलास तू," ती म्हणाली. "त्यांचा हात होता तो. कापसाने पुसलास आणि कचऱ्यात टाकलास."

आणि हे बोलता बोलताच ती पुन्हा निगेटिव्हवर वाकली. कारण पेन्सिल काहीतरी झाकायलाच फिरवतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? हा फोटो अपघाताच्या आधीचा नव्हता. ती मुलगी खिडकीत बसली तेव्हा तिचा गाल जळून चुकला होता. जिच्याकडे बघून ताईने जन्मभर स्वतःला दोष दिला, ती खिडकीतली नितळ गालाची पोर कधी अस्तित्वातच नव्हती. ती त्या कापसाच्या काळ्या बोळ्यात होती आणि बोळा कचऱ्याच्या डब्यात होता.

"ताई," धाकटा घाबरून म्हणाला, "बाई यायच्या आधी डाग कॉम्प्युटरवर काढून टाकू का? पाच मिनिटांचं काम आहे. कुणाला कळणार पण नाही."

"हात तर लावून बघ!" ताई इतक्या जोरात ओरडली की रस्त्यावरचा एक माणूस काचेतून आत डोकावला. "हात लाव, आणि मग बघ मी त्या मशीनचं काय करते!"

दोन्ही प्रिंट घेऊन ती जिना चढली.

आई खुर्चीत बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. डोक्याच्या वर भिंतीवर तोच फोटो, कायमचा. ताईने घड्या बाजूला सारल्या आणि दोन्ही प्रिंट तिच्या मांडीवर ठेवले. आईने चष्मा लावला. एकदा हा बघितला, एकदा तो बघितला. तिला आश्चर्य वाटलं नाही. ताईला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

"हे कशाला उकरून काढलंत?" आई म्हणाली.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"झाकली मूठ सव्वा लाखाची. इतकी वर्षं चांगलं चाललं होतं."

"मूठ तुमची दोघांची, आई. गाल माझा आहे!"

"ओरडू नकोस. तुझ्याच भल्यासाठी केलं त्यांनी. तू आरशात बघून रडायचीस. ते म्हणाले, पोरीला एक तरी चांगला फोटो हवा. पेन्सिल घेऊन बसले, जेवायलासुद्धा उठले नाहीत."

"मग तसं सांगायचं होतं! सांगायचं, बाळ, हे बाबांनी चितारलंय. 'आधीचा फोटो' कशाला म्हणालात? तू येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून मला हिणवत राहिलीस. अशीच दिसली असती! कशी दिसली असती, आई? पेन्सिलीची?"

आई खाली बघून एका टॉवेलची घडी मोडून पुन्हा घालायला लागली. ताईला ती बोटं दिसत होती. घडी नीट बसत नव्हती. तेव्हा ताईच्या मनात एक विचार आला, आणि तो आल्याबरोबर तिचा आवाज एकदम शांत झाला. धाकटा तिच्या मागोमाग दारापर्यंत आला होता. ओरडणाऱ्या ताईपेक्षा या ताईची त्याला जास्त भीती वाटली.

"फोटो खोटा होता," ताई म्हणाली. "मग गोष्ट तरी खरी आहे का?"

"कुठली गोष्ट?"

"दार मी ढकललं ही."

आईने टॉवेल खाली ठेवला. खालच्या रस्त्यावरून एक गाडी हॉर्न वाजवत गेली.

"त्यांना आत मदतीला कुणी नव्हतं," ती शेवटी म्हणाली. "मी स्वयंपाकात होते. त्यांनी तुला हाक मारली. तू त्यांची फार लाडकी, धावत गेलीस. बाटली तुझ्या हातात दिली, म्हणाले, धर घट्ट. तू घट्टच धरली होतीस गं. बूच सैल होतं."

"आणि मग?"

"मग काय? दवाखान्यात लोक विचारायला लागले. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. मीच म्हणाले, पोर हट्टी आहे, विचारल्याशिवाय आत घुसली." आईचे डोळे भरून आले होते. "एकदा बोलले आणि मग ते मागे कसं घ्यायचं ते कळेना. त्यांनी पाटी लावली. मला वाटलं होतं, तू विसरशील."

"मी विसरेन? तुम्ही विसरू दिलंत का?" ताईने भिंतीवरचा फोटो खिळ्यावरून काढला. "बाबांनी माझा गाल नाही बरा केला, आई. स्वतःची चूक बरी केली. आणि नंतर मलाच आत घेऊन शिकवलं, की ती कशी छापायची! किती प्रती काढल्या मी याच्या! माझ्याच हातांनी!"

आई रडायला लागली. एरवी आई रडली की ताई विरघळायची. आज ती विरघळली नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, पण इथे फुटायला अर्धा जन्म लागला होता आणि तो अर्धा जन्म तिचा होता.

खाली घंटी वाजली. बाई आल्या होत्या. ताई दोन्ही प्रिंट उचलून खाली आली.

बाईंनी आल्या आल्या पांढरे हातमोजे चढवले आणि दोन्ही प्रिंट टेबलावर ठेवून बराच वेळ पाहिले. धाकटा कोपऱ्यात उभा होता. ताई हाताची घडी घालून टेबलाच्या टोकाशी थांबली होती.

"यंत्राचं काम अपेक्षेपेक्षा फारच चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "पण खरं सांगू? या हाताच्या प्रिंटला तोड नाही. काय तो काळा रंग, काय तो उजेड! आणि चेहऱ्यावरची ही निरागसता. इकडे मात्र गालावर काहीतरी डाग आलाय. निगेटिव्ह खराब झालीय का?"

धाकट्याने ताईकडे पाहिलं. महिनाभर याच शब्दांसाठी ती भांडली होती. ती जिंकली होती. नुसतं 'हो' म्हणायचं, की झालं.

"निगेटिव्ह खराब नाही," ताई म्हणाली. "आत्ताच कुठे चांगली झालीय. तो डाग माझा आहे. बघा."

तिने खिडकीकडे तोंड केलं आणि केस मागे घेऊन डावा गाल उजेडात धरला. बाईंनी गाल पाहिला, प्रिंट पाहिला. त्यांचे हातमोज्यातले हात टेबलावरच राहिले.

"माझा प्रिंट सरस आहे, हे मलाही माहीत आहे," ताई म्हणाली. "याच्या मशीनला असला काळा रंग सात जन्मांत जमायचा नाही. पण माझा प्रिंट खोटा आहे. तो तुम्हाला लावता येणार नाही. याचाच घेऊन जा, नाहीतर थोडा वेळ थांबा, मी दुसरा करते."

"थांबते," बाई लगेच म्हणाल्या.

ताईने निगेटिव्ह उचलली. डार्करूमच्या दारात तिने मागे वळून पाहिलं. धाकटा पाटीपाशी सवयीने अडखळला होता.

"विचारतोयस कसलं? ये की आत."

लाल उजेडात दोघं ट्रेवर वाकली. ताईने निगेटिव्हमधून उजेड दिलेला कागद पाण्यासारख्या दिसणाऱ्या औषधात बुडवला आणि ट्रे हलवत राहिली. कागदावर गडद ते आधी येतं आणि उजळ ते शेवटी. दर वेळी आधी खिडकीची चौकट यायची, मग केस, मग डोळे, आणि गाल सगळ्यात शेवटी, कोरा, गोरा. या वेळी चौकट आली, केस आले, आणि केसांच्या पाठोपाठ, चेहरा यायच्याही आधी, कोऱ्या कागदावर तो पट्टा उमटला. आधी पुसट, मग ठळक. फाटा फुटला. त्याच्याभोवती हळूहळू एक लहान मुलगी तयार झाली. हाक ऐकून ती वळली होती आणि तिच्या डोळ्यांत भीती होती. त्या भीतीलाच लोक इतकी वर्षं निरागसता म्हणत आले होते.

"माझ्याकडे हे असं उगवत नाही," धाकटा हळूच म्हणाला. "एका कडेने छापत येतं."

"आणि तू धुतली नसतीस, तर माझ्याकडे हे कधीच उगवलं नसतं," ताई म्हणाली. तिचा आवाज अजूनही रागाचाच होता, पण त्याच्यावरचा राग नव्हता. "गाढवा."

तिने प्रिंट चिमट्याने उचलून शेवटच्या ट्रेमध्ये टाकला. तेवढ्यात दारावर टकटक झाली. बाईंची नव्हती. जिना उतरून आलेल्या माणसाला लागावा तसा दम बाहेरून ऐकू येत होता.

"मी आहे," आई दारापलीकडून म्हणाली. "आत येऊ का?"

प्रिंट पक्का व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा ताईने पुरता घेतला. आई बाहेर उभी राहिली. तिने पुन्हा विचारलं नाही आणि दारही ढकललं नाही. मग ताईने लाल दिवा बंद करून साधा दिवा लावला, दार उघडलं आणि बाजूला झाली.

"ये," ती म्हणाली. "मलाही बाबांनी असंच बोलावलं होतं."